वाळूजचं लेझर मार्किंग: घरी बनवलेल्या सर्किटच्या डब्यांसाठी कितपत कामाचं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत फायबर लेझरनं मार्किंग करून देणारे गाळे आता सहज सापडतात. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, पुढे शेंद्र्यात स्कोडा आली आणि या कारखान्यांभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची मोठी साखळी उभी राहिली. या भागांवर पार्ट नंबर, बॅच नंबर, डेटा मॅट्रिक्स कोड टाकावा लागतो. मशिनं त्यासाठी आली. तीच मशिनं आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, बोअरच्या मोटर कंट्रोलरच्या, भजनी मंडळासाठी केलेल्या मिक्सरच्या डब्यावर अक्षरं, खुणा आणि नक्षी काढून देऊ शकतात. हा आढावा या सेवेचा आहे, एखाद्या ठरावीक दुकानाचा नाही. मशिनं सगळीकडे साधारण एकाच जातीची असतात. काम चांगलं उतरेल की बिघडेल, हे दुकानापेक्षा डब्याच्या पृष्ठभागावर आणि सोबत नेलेल्या फाइलवर जास्त ठरतं.

निवाडा आधीच सांगतो. काळ्या अ‍ॅनोडाइज केलेल्या (म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं वर ऑक्साइडचा कठीण थर चढवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यासाठी डोळे झाकून जा. गडद पावडर कोटिंगच्या (रंगाची भुकटी भाजून चढवलेल्या) डब्यासाठी जा, पण नमुना बघून. कोऱ्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या) डब्यासाठी जाऊ नका. एखाद-दोन पीस करणाऱ्याला स्क्रीन प्रिंटिंग परवडत नाही. विनाइल स्टिकरचं म्हणाल, तर मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याच्या कडा सुटायला लागतात आणि मागचा गोंद धूळ धरून ठेवतो. लेझरची खूण डब्याच्या थरातच असते, म्हणून तिला सोलून निघायला जागाच नाही.

मशीन कोणतं आहे ते आधी विचारा

बहुतेक गाळ्यांत २० किंवा ३० वॅटचं क्यू-स्विच्ड (किरण तुटक झटक्यांत, म्हणजे पल्समध्ये सोडणारं) फायबर लेझर असतं, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं. टेबल हलत नाही. वरच्या डोक्यात दोन छोटे आरसे वेगानं वळतात आणि किरण जॉबवर फिरतो. एका सेटिंगमध्ये किती जागा छापता येईल हे खालच्या लेन्सवर ठरतं. एफ-१६० लेन्स ११० बाय ११० मिमी जागा देते, एफ-२५४ लेन्स १७५ बाय १७५ मिमी. गिटार पेडल बनवणाऱ्यांच्या आवडीचा हॅमंड १५९०बी मापाचा डबा सुमारे ११२ बाय ६० मिमी आहे आणि १२५बी सुमारे १२१ बाय ६६ मिमी. अगदी कडेपर्यंत चौकट हवी असेल तर पहिली लेन्स अपुरी पडते. मोठी लेन्स लावली की किरणाचा ठिपका जाड होतो, त्याची धार उतरते आणि बारीक अक्षरांच्या कडा बोथट दिसतात. कडेच्या चौकटीचा मोह सोडून लहान लेन्सवरच काम करून घेणं केव्हाही चांगलं.

दुसरा प्रश्न: मोपा आहे का? साध्या क्यू-स्विच्ड मशिनमध्ये पल्सची लांबी ठरलेली असते, साधारण १०० नॅनोसेकंदांच्या आसपास. मोपा मशिनमध्ये ती काही नॅनोसेकंदांपासून काहीशे नॅनोसेकंदांपर्यंत बदलता येते. काळ्या डब्यासाठी हा फरक फारसा महत्त्वाचा नाही. चंदेरी, म्हणजे बिनरंगी अ‍ॅनोडाइजवर गडद काळी अक्षरं हवी असतील, तर मात्र मोपाच लागतं. छोट्या पल्स आणि दाट हॅचमुळे (हॅच म्हणजे आकार भरणाऱ्या समांतर रेषा) तिथे वेळ बराच जातो.

लग्नपत्रिका, अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापणाऱ्यांकडे असतं ते सीओटू लेझर. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे फायबरच्या दहापट. कोरं अ‍ॅल्युमिनियम हा किरण परतवून लावतं, त्यामुळे धातूवर काही उमटत नाही. पण नेमक्या याच कारणामुळे धातूवरचा रंग जाळून काढायला तो उत्तम: रंग जातो आणि खालच्या धातूला धक्का लागत नाही. एमआयडीसी लांब पडत असेल, तर रंगवलेला डबा घेऊन गावातल्या पाटीवाल्याकडे जाणं हा चांगला पर्याय आहे. रेषा फायबरइतकी बारीक येणार नाही, एवढं धरून चाला. अंगठ्या-कड्यांवर नावं टाकणारी छोटी फायबर मशिनं लातूर-नांदेडच्या सराफ्यातही भेटू शकतात, मात्र त्यांचं छपाईचं क्षेत्र लहान असतं आणि डब्याच्या उंचीला डोकं वर जात नाही, म्हणून आधी डब्याची उंची सांगून विचारा.

डब्याचा पृष्ठभाग

काळ्या अ‍ॅनोडाइजमध्ये रंग ऑक्साइडच्या थरातल्या सूक्ष्म छिद्रांत बसलेला असतो. लेझर तो रंग उडवतो; थर मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतो. खूण पांढरट-चंदेरी येते, बोट फिरवलं तरी जाणवत नाही आणि ०.१५ मिमीची रेषाही स्वच्छ दिसते. २० वॅटच्या मशिनवर, एफ-१६० लेन्ससह सुरुवात अशी करावी: वेग १००० ते १५०० मिमी प्रतिसेकंद, पॉवर २५ ते ४० टक्के, फ्रीक्वेन्सी ३० ते ४० किलोहर्ट्झ, हॅचच्या दोन रेषांमधलं अंतर ०.०३ ते ०.०५ मिमी, एकच पास, म्हणजे किरणाची एकच फेरी.

इथे हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे जोर. गाळ्यातल्या ऑपरेटरचा हात लोखंडी भागांवर खोल नंबर टाकण्याला बसलेला असतो. तीच सेटिंग अ‍ॅनोडाइजवर मारली की थर तडकतो, खूण खडबडीत आणि मळकट पिवळी-करडी होते. ‘रंगच उडवायचाय, खोल नको’ हे स्पष्ट सांगा. मग पॅनेलच्या आतल्या बाजूला, जिथेही अ‍ॅनोडाइज असतंच, १० मिमीचे लहान चौकोन वेगवेगळ्या पॉवरला मारून घ्या. त्यातला सगळ्यात पांढरा आणि नखाला न लागणारा निवडा. ही चाचणी प्रत्येक नव्या लॉटला करावी, कारण रंग आणि थराची जाडी लॉटगणिक बदलते. एकाच विक्रेत्याच्या दोन काळ्या डब्यांपैकी एकावर खूण शुभ्र आणि दुसऱ्यावर तपकिरी येऊ शकते. तपकिरी आली तर पॉवर वाढवण्यापेक्षा वेग थोडा कमी-जास्त करून बघणं हिताचं.

डबा खरंच अ‍ॅनोडाइज केलेला आहे की काळा रंग मारलेला, हे नुसतं बघून कळत नाही. मल्टीमीटरही इथे उपयोगाचा नाही, कारण दोन्ही थर वीज अडवतात. आतल्या कोपऱ्यात सुईनं ओरखडा काढा. ऑक्साइडचा थर सुईला दाद देत नाही, रंगाचा कपचा निघतो. अ‍ॅसिटोनच्या बोळ्यानं चोळल्यावर साधा स्प्रेचा रंगही लगेच उतरतो.

पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन असतो. इथे रंग उडवायचा नसून अख्खा थर जाळून धातू उघडा पाडायचा असतो. त्यासाठी दोन ते चार पास लागतात. पहिल्या पासनंतर काजळी बसते आणि ऑपरेटरला वाटतं झालं. प्रत्यक्षात तळाशी पातळ पापुद्रा शिल्लक असतो आणि अक्षर मळकट दिसतं. योग्य क्रम असा: पास मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पुन्हा मारा, शेवटी कमी पॉवरचा एक पास सफाईसाठी. मॅट काळा, गडद निळा, गडद हिरवा या रंगांवर खालचं अ‍ॅल्युमिनियम लखलखतं. पांढऱ्या किंवा फिकट करड्या रंगावर चंदेरी अक्षर हरवतं, विशेषतः उन्हात. खरखरीत टेक्श्चरची पावडर टाळा. तिथे थराची जाडी ठिपक्या-ठिपक्याला वेगळी असते, म्हणून अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या येतात.

कोऱ्या डायकास्ट डब्याचं दुखणं मिश्रधातूत आहे. ओतकामासाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतं. एडीसी-१२ या मिश्रधातूत ते साधारण १० ते १२ टक्के असतं. कोऱ्या पृष्ठभागावरची लेझरची खूण करड्यावर करडी दिसते. मग अनेकांना वाटतं की डबा आधी अ‍ॅनोडाइज करून घ्यावा. तेही करू नका: एवढ्या सिलिकॉनमुळे अ‍ॅनोडाइज डागाळलेलं, राखाडी बसतं आणि काळा रंग एकसारखा धरत नाही. डायकास्ट डबा वाळूजमध्येच पावडर कोटिंगला टाका आणि मग लेझरला न्या. अ‍ॅनोडाइजची हौस असेल, तर ६०६३ सारख्या एक्स्ट्रूड केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा, सरकत्या पॅनेलचा डबा घ्या. त्यावरचं काम बघत राहावं असं होतं.

डायकास्ट डब्याच्या बाजूवर, म्हणजे सॉकेटच्या भिंतीवर अक्षरं टाकायची असतील तर आणखी एक अडचण. साच्यातून सुटण्यासाठी या भिंतींना उतार दिलेला असतो. डबा एका भिंतीवर आडवा ठेवला की वरच्या भिंतीला दोन्ही उतारांची बेरीज लागते. उतार दोन-दोन अंश धरला तरी ३१ मिमी उंचीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ मिमीहून अधिक फरक पडतो. एफ-१६० लेन्सचा फोकस एखादा मिलिमीटर वर-खाली चालवून घेतो, त्यापुढे नाही. त्यामुळे अक्षरांची वरची ओळ ठसठशीत आणि खालची पुसट येते. खाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवून वरची भिंत लेव्हलमध्ये आणायला सांगा.

लोखंडी पत्र्याच्या पॅनेल बॉक्सवर पावडर कोटिंग उडवलं की खालचं लोखंड उघडं पडतं आणि पावसाळ्यात अक्षरांतून गंज डोकावतो. खूण झाल्याबरोबर पुसून क्लिअर लॅकरचे दोन हात द्यावेच लागतात. जीआय पत्र्यावर जस्ताचा धूर निघतो, एक्झॉस्ट नसेल तर ते काम नकोच. स्टेनलेस ३०४ वर किरण किंचित फोकसबाहेर ठेवून, हळू वेगानं गडद काळी खूण येते, पण त्या उष्णतेनं पृष्ठभागाचं गंजरोधक कवच कमकुवत होतं आणि सतत ओल्या जागी अक्षरांभोवती तांबूस डाग येऊ शकतात.

फाइल आणि देवनागरी

सेवेचा सगळ्यात कच्चा दुवा हाच. गाळ्यांतल्या कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा ईझीकॅड २ हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर असतं. त्यात देवनागरी थेट टाइप केली तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते. ऑपरेटरला इंग्रजी अक्षरं आणि आकडे टाकायची सवय असते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अक्षरं घरूनच वळणांमध्ये बदलून न्या. इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, कोरलड्रॉमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’. डिझाइन एखाद्या डीटीपी सेंटरमध्ये श्री-लिपीत करून घेतलं असेल तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं उघडतात.

एवढं करूनही देवनागरीत एक खास बिघाड उरतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आपल्या अक्षरांची शिरोरेषा जोडलेली दिसावी म्हणून फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. पडद्यावर ते कळत नाही. हॅच भरताना मात्र ईझीकॅड सगळे आकार एकत्र हिशोबात घेत असेल, तर जिथे दोन आकार एकमेकांवर येतात ती जागा ‘बाहेरची’ धरली जाते आणि शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर कोरी फट राहते. प्रत्येक आकार वेगळा भरला, तर तीच जागा दोनदा जळते आणि सांध्यावर गडद ठिपका येतो. उपाय एकच: वळणांत बदलल्यावर अख्ख्या शब्दाचे आकार एकजीव करा. इंकस्केपमध्ये ‘युनियन’, कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’. मग आउटलाइन व्ह्यू लावून बघा. शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये.

फॉन्ट सरळ, समान जाडीचा निवडा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, मध्यम वजनात, चांगले उतरतात. जाड-बारीक रेषांचा सुलेखनाचा फॉन्ट लहान आकारात टिकत नाही. मजकुराची उंची ३ मिमीपेक्षा कमी नको, कारण त्याखाली ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक बुजायला लागतो आणि अनुस्वार धुळीच्या कणासारखा दिसतो. नुसते आकडे २ मिमीलाही वाचता येतात.

डीएक्सएफ फाइलमधलं माप मिलिमीटरचं की इंचाचं, हे उघडणारं सॉफ्टवेअर आपल्या समजुतीनं ठरवतं. चुकलं तर डिझाइन २५.४ पट मोठं किंवा तेवढंच लहान उघडतं. हे निदान लगेच दिसतं. एसव्हीजीमधली गडबड जास्त फसवी. इंकस्केपनं ०.९२ या आवृत्तीपासून ९० ऐवजी ९६ डीपीआय धरायला सुरुवात केली. जुनी फाइल किंवा जुनं सॉफ्टवेअर मध्ये आलं की माप सहा-सात टक्क्यांनी बदलतं आणि ते पडद्यावर लक्षात येत नाही. म्हणून फाइलच्या कोपऱ्यात बरोबर ५० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि मशिनवर उघडल्यावर ती पहिल्यांदा मोजायला लावा. पेनड्राइव्हवर डीएक्सएफ, एआय आणि पीडीएफ असे तिन्ही प्रकार असू द्या, कारण मशिनचा कॉम्प्युटर बहुधा इंटरनेटला जोडलेला नसतो. आकार बंद नसेल, एखादं टोक सुटलेलं असेल, तर हॅच भरतच नाही, हेही घरीच तपासा.

भोकं, नट आणि स्केल

क्रम ठरलेला आहे: आधी ड्रिल, मग बर (भोकाच्या कडेचे धारदार कंगोरे) काढणं, मग कोटिंग, शेवटी लेझर. पावडर कोटिंगनंतर ड्रिल मारलं की भोकाच्या कडेचा थर टवके होऊन उडतो. आधी मारलं तर थराची जाडी लक्षात घ्या. दोन्ही बाजूंनी मिळून ०.१५ मिमीपर्यंत भोक लहान होतं, म्हणून ७ मिमी बुशच्या पोटेन्शिओमीटरला ७.३ ते ७.५ मिमी ठेवावं. लहान टॉगल स्विचला ६.५, साध्या ६.३५ मिमी जॅकला ९.५ ते १०, फूट स्विचला १२ ते १२.५ मिमी. अ‍ॅनोडाइज केलेला डबा विकत आणला असेल तर ड्रिल नंतरच मारावं लागतं. कडेला उघडं पडलेलं अ‍ॅल्युमिनियम नटाखाली झाकतं, फक्त स्टेप ड्रिल वापरा आणि पृष्ठभागावर कागदी टेप लावा.

नट आणि वायसर किती जागा खातात हे डिझाइन करताना विसरलं जातं. ७ मिमीच्या पोटेन्शिओमीटरभोवती मध्यापासून ७ मिमी त्रिज्येत, फूट स्विचभोवती १० मिमी त्रिज्येत काहीही काढू नका. साधा पोटेन्शिओमीटर सुमारे ३०० अंश फिरतो. शून्य ते दहाचं स्केल हवं असेल तर ११ खुणा, दर ३० अंशांवर, घड्याळातल्या सातच्या जागेपासून पाचच्या जागेपर्यंत. नॉब २० मिमीचा असेल तर खुणा १२ मिमी त्रिज्येपासून सुरू करा आणि आकडे १५-१६ मिमीवर ठेवा.

डिझाइन भोकांशी जुळवण्यासाठी भोकांची वर्तुळं फाइलमध्ये वेगळ्या रंगाच्या पेनवर (ईझीकॅडमधल्या सेटिंगच्या गटाला पेन म्हणतात) ठेवा. मशिनचा लाल दिवा ती वर्तुळं डब्यावर फिरवून दाखवतो. ती सगळ्या भोकांभोवती सारखी बसली की तो पेन बंद करून बाकीचं मारायचं. पण लाल दिवा आणि खरा किरण यांत थोडा फरक असू शकतो. त्याची खात्री करायला डब्याच्याच मापाची, तीच भोकं पाडलेली काळी कार्डशीट न्या आणि पहिला पास तिच्यावर घ्या. डब्यावर कागदी टेप चिकटवून त्यावर चाचणी घेऊ नये. १०६४ नॅनोमीटरचा किरण टेपमधून पार जाऊन खालचं काळं अ‍ॅनोडाइज उजळू शकतो.

लेन्सचं करेक्शन, म्हणजे माप वाकडं न येऊ देणारी दुरुस्ती, नीट आहे का, हेही एका रद्दी पत्र्यावर कळतं. ८० मिमीचा चौरस मारायला सांगा, चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण ११३.१ मिमी यायला हवेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल तर मधली भोकं जुळतील आणि टोकाची सुटतील. एकाहून जास्त डबे असतील तर टेबलावर काटकोनात दोन पट्ट्या बसवून एल आकाराचा स्टॉप करून घ्या. पहिला पीस जुळला की बाकीचे नुसते सरकवून ठेवता येतात.

अर्थिंगसाठीही लेझर वापरा

ही या सेवेची कमी माहीत असलेली बाजू आहे, आणि नक्षीपेक्षा महत्त्वाची. अ‍ॅनोडाइज आणि पावडर कोटिंग दोन्ही विद्युतरोधक. सरकत्या पॅनेलच्या डब्यात पुढचं पॅनेल, मागचं पॅनेल आणि दोन अर्धी कवचं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं सुटी असतात. स्क्रूच्या आट्यांतून संपर्क झाला तर झाला, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा डब्यातला अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो आणि पॅनेलला हात लावला की आवाज बदलतो. २३० व्होल्टचं सर्किट असेल तर प्रश्न थेट जिवाचा.

पॅनेलच्या आतल्या बाजूला, अर्थच्या स्टडभोवती १२ मिमीचं वर्तुळ आणि जिथे पॅनेल कवचाला टेकतं तिथली पट्टी लेझरनं धातूपर्यंत मोकळी करून घ्या. इथे मात्र जोर हवा: जास्त पॉवर, कमी वेग, चार-पाच पास. रंग उडाला म्हणजे थर गेला असं नाही, कारण पांढरट दिसणारी जागाही ऑक्साइडच असू शकते. मल्टीमीटर मशिनपाशीच लावा. त्या जागेपासून कवचाच्या मोकळ्या जागेपर्यंत रीडिंग प्रोब एकमेकांना टेकवल्यावर येतं तेवढंच आलं पाहिजे. त्यावर एम४ चा स्टड, दातेरी वायसर आणि लग. प्रत्येक पॅनेलला वेगळी वायर. याच फेरीत फ्यूजचं रेटिंग आणि अर्थचं चिन्हही कोरून घ्या, दुरुस्ती करणाऱ्याला ते शोधावं लागू नये.

सर्किट बोर्ड बसवलेला डबा मशिनखाली ठेवू नका. भोकातून आत गेलेला किरण बोर्ड जाळतो आणि उडालेली धातूची भुकटी ट्रॅकवर बसते.

गाळ्यातली वागणूक, वेळ आणि पैसे

गाळ्यांचं मुख्य काम कारखान्यांच्या लॉटचं. एक डबा घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत, पण महिनाअखेरीला डिस्पॅचच्या घाईत थांबावं लागतं. फोन करून जा. पैशाचा हिशोब दोन भागांत होतो: सेटिंग आणि मशिनचा वेळ. एका डब्याला आणि दहा डब्यांना सेटिंग तेवढीच, त्यामुळे मित्रांचे डबे गोळा करून एकदम नेले तर पीसमागे खर्च बराच उतरतो. वेळेचा अंदाज स्वतः काढता येतो. १०० बाय ५० मिमीचा भरीव चौकोन, हॅच ०.०४ मिमी: १२५० रेषा, प्रत्येकी १०० मिमी, म्हणजे १२५ मीटर. १००० मिमी प्रतिसेकंद वेगानं एका पासला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ, आणि पावडर कोटिंगचे चार पास धरले तर आठ मिनिटांपेक्षा जास्त. तोच मजकूर नुसत्या अक्षरांत काही सेकंदांत होतो. अख्खी पार्श्वभूमी उडवून अक्षरं काळी ठेवण्याचं डिझाइन देखणं दिसतं, पण त्याचे पैसे असे वाढतात. वर मोठ्या भरीव जागेत हॅचचे पट्टेही दिसतात. ते नको असतील तर ० आणि ९० अंशांत दोन हॅच भरायला सांगा.

सुरक्षेबद्दल बहुतेक ठिकाणी नाराजीच नोंदवावी लागते. मशिनं उघडी असतात आणि ऑपरेटर बिनचष्म्याचा. १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो थेट डोळ्यातल्या दृष्टिपटलावर एकवटतं आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवरून परतलेला किरणही तितकाच घातक. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं दार सीओटूला अडवतं, फायबरला नाही. १०६४ साठीचा चष्मा मागा, नसेल तर मार्किंग चालू असताना पाठ करून उभे राहा. धुराची नळी जॉबजवळ आहे का तेही बघा.

१९ इंची रॅकचं पॅनेल, म्हणजे ४८२.६ मिमी लांबीचं, या मशिनांवर तुकड्या-तुकड्यानं करावं लागतं आणि तुकड्यांचा सांधा भरीव डिझाइनमध्ये दिसतो. तसं काम असेल तर अक्षरांचे गट असे पाडा की सांधा कोऱ्या जागेत येईल.

डबा ताब्यात घेण्याआधी अल्कोहोलनं पुसून उजेडात तिरका धरा. काजळी गेल्यावरच अर्धवट जळलेला थर दिसतो, आणि तो दिसला तर डबा टेबलावरून हलवण्याआधीच पुन्हा पास मारता येतो. एकदा हलवला की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पॉवर, वेग, फ्रीक्वेन्सी, हॅच, पास आणि लेन्स हे सगळं कागदावर लिहून घ्या आणि ईझीकॅडची फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर मागून घ्या. पुढच्या डब्याला ऑपरेटर दुसरा असू शकतो.